उन्हात उपाशी

"आत्या, काडी ओढलीस तर मी या ढिगावर बसेन," वर्षाली म्हणाली आणि खरंच जाऊन बसली.

ढीग वाळक्या गवताचा होता. त्यावर छबूआत्यानं नुकतंच उपटलेलं जास्वंदीचं एक झाड आडवं पडलं होतं, आणि शेजारी तशाच पिवळ्या पडलेल्या कुंड्यांची रांग लागली होती. मे महिन्याचं ऊन डोकं भाजून काढत होतं. कुंपणापलीकडून नव्याकोऱ्या मोटारी लादलेले कंटेनर एकामागून एक चालले होते आणि जाताना रोपवाटिकेवर धुळीचा लोट सोडून जात होते.

छबूआत्या म्हणजे वर्षालीच्या बाबांची थोरली बहीण. चाकणजवळ खराबवाडीच्या रस्त्याला तिची रोपवाटिका होती. शाळेला सुट्टी लागली की वर्षाली कासारवाडीहून बॅग उचलून इथं यायची, ती शाळा उघडेपर्यंत हलायची नाही. आत्याचा धंदा जरा निराळा होता. ती झाडं विकायची त्याहून जास्त भाड्यानं द्यायची. एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत ऑडिट निघालं किंवा परदेशी पाहुणे यायचे असले, की कंपनीला एका दिवसात हिरवळ लागते. मग आत्याला फोन जायचा आणि टेम्पोभर कुंड्या निघायच्या. पाहुणे विमानात बसले की कुंड्या परत घरी.

यंदा मोटारींचे बंपर रंगवणाऱ्या एका कंपनीत गेलेल्या कुंड्या परत आल्या त्या चकचकीत होऊन. आत्याला कोण आनंद! तिच्या झाडांवरची धूळ आजवर एकाही कंपनीनं पुसली नव्हती. या लोकांनी पानन् पान पुसून दिलं म्हणून तिनं चार माणसांत त्यांचं कौतुकसुद्धा केलं. आणि मग पानं पिवळी पडायला लागली. कडा करपल्या, कुंड्यांखाली सडा पडला. ज्या थोड्या कुंड्या अजून कंपनीतच होत्या, त्यांचीही तीच गत झाली.

कंपनीच्या ॲडमिनचे रविराजसाहेब फोनवर आत्याला नाही नाही ते बोलले. रोगट झाडं दिलीत, पुन्हा पाहुणे येताहेत आणि तुमच्या कुंड्यांनी आमच्या रिसेप्शनची रया घालवली, म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण त्यांनी आजूबाजूच्या सगळ्या कंपन्यांना सांगून ठेवलं की छबूबाईच्या झाडांना कीड आहे, गेटच्या आत घेऊ नका. तेव्हापासून आत्याचा फोन मुका झाला होता.

"रोग पसरंल," आत्या पदरानं कपाळ पुसत म्हणाली. "ही जाळली न्हाईत तर बाकीची रोपं बी जातील. ऊठ तिथनं."

वर्षाली उठली नाही. तिचा राग तसा नाकावरच असायचा. पण आज तो नुसता नाकावर नव्हता, पार पोटात उतरला होता. ही झाडं आत्यानं फांद्या खोचून, पाणी शेंदून, पोरासारखी वाढवली होती, आणि कुठलासा साहेब एक फोन करतो काय आणि आत्या काडेपेटी काढते काय! बरीच वादावादी झाली. शेवटी आत्यानं उद्या दुपारपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर मध्ये यायचं नाही, असं बजावून ती पाण्याची मोटर लावायला निघून गेली. वर्षालीनं उपटलेली जास्वंद उचलली आणि परत कुंडीत लावली.

या सगळ्याला दोन साक्षीदार होते. एक आत्याचा मुलगा गणराज. हा सहावीत जाणार होता आणि झोपेतसुद्धा बडबडायचा. दुसरी मंतशा, शेजारच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजवाल्या वजीरचाचांची मुलगी. ती वर्षालीच्याच वयाची, बोलायची कमी आणि बघायची जास्त. तिघं आजारी कुंड्यांपुढं उकिडवी बसली.

"रोग कसला डोंबलाचा!" गणराज म्हणाला. "शेंड्याला बघ ना. कशी झकास पानं फुटलीत."

खरंच की! जुनी पानं पिवळी होती, पण शेंड्यावर त्यानंतर आलेली दोन-तीन पानं हिरवीगार होती. मावा असो की आणखी काही, कीड आधी कोवळ्या शेंड्यावर तुटून पडते, हे आत्याच्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. मग इथं कोवळी पानं सुखरूप आणि जुनी आजारी, असं उलटं कसं? वर्षाली म्हणाली, ही पानं आजारी नसतीलच. उपाशी असतील.

शाळेत बाईंनी करून दाखवलेला प्रयोग तिला आठवला. पान उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातलं काही स्टार्चच्या रूपात साठवतं. त्या स्टार्चवर आयोडीन पडलं की ते काळंनिळं होतं. म्हणजे पान जेवलंय की नाही, हे त्यालाच विचारता येतं. विचारायचं ठरलं. आजारी झाडाचं चकचकीत पान, त्याच झाडाच्या शेंड्याजवळचं नवं पान, आणि कंपनीत कधीच न गेलेल्या जास्वंदीचं धुळकट पान, अशी तीन पानं दिवसभर ऊन खाल्ल्यावर तोडली. प्रयोगाची जागा होती मंतशाचं स्वयंपाकघर. तिची अम्मी, खैरुन्निसाचाची, स्वतः ओट्याशी उभी राहणार आणि गॅस बंद झाल्याशिवाय स्पिरिटच्या बाटलीचं बूच निघणार नाही, या दोन अटींवर परवानगी मिळाली.

आधी पानं उकळत्या पाण्यात घातली. मग चाचीनं गॅस बंद केला, खिडकी उघडली, आणि गरम पाण्याच्या पातेल्यात स्पिरिटचा पेला ठेवून पानं त्यात बुडवली. थोड्या वेळात स्पिरिट हिरवं व्हायला लागलं आणि धुळकट पान पांढरट पडलं. नवं पानही पांढरट पडलं. चकचकीत पान मात्र तसंच राहिलं. हिरवा सोडेना, पिवळा सोडेना.

"हट्टी आहे," गणराज म्हणाला.

मंतशानं ते पान उचललं. बोटानं चोळलं, वाकवलं, आणि मधोमध टरकन फाडलं. फाटलेल्या कडेला काहीतरी पारदर्शक लोंबत होतं. तिनं नखानं हळूच ओढलं, तशी पानावरून साबणाच्या फुग्यासारखी पातळ पापडी सुटून आली. पालथं केलं तर खालच्या बाजूवरही तशीच पापडी होती. तिघांची तोंडं उघडीच राहिली. पापडी काढून पान पुन्हा स्पिरिटमध्ये बुडवल्यावर त्याचा रंग निमूट उतरला. मग जखमेवर लावायचं आयोडीनचं तपकिरी औषध पातळ करून तिन्ही पानांवर थेंब थेंब सोडलं. धुळकट पान काळंनिळं झालं. नवं पान झालं. चकचकीत पान औषधासारखंच तपकिरी राहिलं. त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"हा क्लिअर कोट आहे," मंतशा म्हणाली. "गाडी रंगवून झाली की अब्बू वरून मारतात तो. चमक यावी म्हणून."

वर्षाली बराच वेळ त्या पापडीकडे बघत राहिली. पानावर ऊन पडत होतं, कारण पापडीतून ऊन आरपार जातं. मुळांना पाणी मिळत होतं. हरितद्रव्य अजून थोडंफार शिल्लक होतं. पान ऊन पकडत होतं, त्या उन्हाच्या जोरावर पाण्याचे रेणू फोडायला तयार बसलं होतं. पण त्यापुढं साखर करायची तर हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा, आणि तो आत येतो पानाच्या खालच्या बाजूच्या बारीक बारीक तोंडांतून. तीच तोंडं कुणीतरी लाखबंद करून टाकली होती. वरून ऊन धो धो ओतलं जातंय, आणि खाली तोंड बांधलेलं. उन्हाची शक्ती साखरेत साठणार कशी? भरल्या ताटापुढं हात बांधून बसवलेल्या माणसासारखी ही झाडं इतके दिवस उन्हात उपाशी उभी होती. विचार करता करता तिचे कान लाल झाले.

तिघं धावत आत्याकडे गेली. आत्यानं पापडी हातात घेतली, उजेडात धरली, बोटांत चुरगाळून बघितली. आणि मग जे म्हणाली, त्यानं वर्षालीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कंपनीवाल्यांनी न्हाई केलं हे. शिकलीसवरलेली मानसं हायत ती, झाडाला रंग मारतील व्हय? माझ्याच फवारणीत कायतरी चुकलं आसंल."

"तुझ्या फवारणीनं क्लिअर कोट होतो?"

"मला काय ठावं? साहेब म्हणतोय म्हंजी आसंलच कायतरी."

वर्षाली पाय आपटत बाहेर गेली. रात्री जेवताना तिनं आत्याशी अबोला धरला आणि भाकरी मात्र दोन जास्त खाल्ल्या.

सकाळी एक काम होतंच. रविराजसाहेबांनी आत्याच्या उरलेल्या रोगट कुंड्या उचलून न्यायला सांगितलं होतं. वजीरचाचा टेम्पो काढत होते. उचलायला हात लागतील, असं सांगून तिघंही मागं चढली. चाचांना काल रात्रीच सगळं कळलं होतं, म्हणून त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की कंपनीत मशिनं चालू असतात, पिवळ्या पट्ट्याच्या आत पाऊल टाकायचं नाही आणि भांडणसुद्धा पट्ट्याच्या बाहेर उभं राहून करायचं.

गेटवर सिक्युरिटीनं तिघांना हेल्मेटं दिली. गणराजचं हेल्मेट नाकावर येऊन टेकलं. आत सगळीकडे धावपळ होती. उद्या पाहुणे येणार म्हणून कुणी फरशी पुसत होता, कुणी पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग देत होता, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागत होता, आणि एक जण चक्क दगडांना पांढरं फासत होता. या गावात पाहुणा यायचा म्हटला की हलत नाही ते सगळं रंगवायचं, असा रिवाजच आहे.

कुंड्या मागच्या शेडपाशी टाकल्या होत्या. गणराज पहिली कुंडी उचलायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. शेडचं शटर अर्धं वर होतं. आत छताखालून साखळीची कन्व्हेयर लाइन सरकत होती आणि तिच्या आकड्यांना काळे बंपर टांगलेले होते. एक बंपर, दुसरा बंपर, तिसरा बंपर, आणि मग तारेनं बांधलेली क्रोटनची कुंडी. तिच्यामागं आणखी एक. तिच्यामागं जास्वंद, फुलासकट, हेलकावे खात चाललेली!

"अगं, झाडं लाइनवर चढलीत," गणराज कुजबुजला. एवढं हळू तो जन्मात बोलला नव्हता.

छबूबाईच्या झाडांना कीड लागली म्हणून साहेबांनी दुसऱ्या कुठल्या रोपवाटिकेतून नवी झाडं आणवली होती, आणि त्यांचीही तीच वरात निघाली होती. पुढं काचेच्या खोलीत मास्क घातलेला एक माणूस स्प्रे गन घेऊन उभा होता. आकड्यावर टांगल्यामुळं कुंडी गोल फिरत होती. म्हणजे गन वरून, खालून, चहूबाजूंनी फिरणार आणि एकही पान सुटणार नाही. पहिली क्रोटन आत शिरत होती.

वर्षालीनं इकडं तिकडं पाहिलं. पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे, शटरच्या खांबावर, एक मोठं लाल बटण होतं. वर लिहिलं होतं, धोका असल्यास दाबा. धोका होताच. तिनं तळहातानं दाबलं.

लाइन खडकन थांबली. भोंगा केकाटायला लागला. बंपर आणि कुंड्या जागच्या जागी झुलत राहिल्या, आणि शेडच्या सगळ्या दारांतून माणसं धावत आली. सगळ्यात पुढं इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात ओळखपत्र हेलकावत, रविराजसाहेब होते.

"कुणी थांबवली लाइन?"

"मी."

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग वजीरचाचांवर तोंड सोडलं. पोरं आत आणलीतच कशी, लाइन थांबली की किती नुकसान होतं, छबूबाईनं पाठवलंय ना हिला, ती बाई आधी रोगट झाडं देते आणि वर पोरांना पाठवून तमाशा करते. वर्षालीनं दारातल्या मरतुकड्या कुंडीचं एक पान तोडलं, फाडलं आणि पापडी सोलून त्यांच्या नाकापुढं धरली.

"ही कीड आमची नाही. तुमची आहे. पानांना खालच्या बाजूनं तोंडं असतात, साहेब. त्यातून हवा आत गेली तरच पान उन्हापासून अन्न बनवतं. तुम्ही सगळी तोंडं बुजवलीत. झाडं उपाशी मेली, आणि दोषी ठरवलंत माझ्या आत्याला."

"चमक टिकावी म्हणून मारला," ते म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "रोज रोज पुसायला माणूस कुठून आणायचा? एकदा कोट दिला की धूळ चिकटत नाही. रंग वाळवायच्या ओव्हनमध्ये थोडीच घातली होती."

काही कामगार हसले. एवढ्यात गर्दीतून वाट काढत कंपनीचे मालक अण्णासाहेब आले. ते इथल्याच गावचे. केस पांढरे झाले होते, पण लाइन थांबली की स्वतः धावत यायची सवय गेली नव्हती. त्यांनी मुलांचं म्हणणं ऐकून घेतलं. मंतशानं डब्यातून आणलेली आयोडीन घातलेली तिन्ही पानं पुढं केली आणि कुठलं पान कुठल्या झाडाचं ते सांगितलं. अण्णासाहेबांनी मेलेल्या कुंडीचं पान स्वतः तोडलं आणि स्वतःच्या नखानं पापडी सोलली. मग ते रविराजसाहेबांकडे वळले आणि असं काही बोलले की ऐकणाऱ्या सुपरवायझरनंही मान खाली घातली.

"शाब्बास पोरी," नंतर ते वर्षालीला म्हणाले. "आमच्या डोळ्यांदेखत चाललेलं आमाला दिसलं न्हाई. सोमवारी समद्या कामगारांपुढं तुमा तिघांचा सत्कार करतो."

गणराजची कळी खुलली. वर्षालीची नाही.

"सत्कार नको," ती म्हणाली. "आत्याच्या झाडांना कीड आहे, असं यांनी जिथं जिथं सांगितलं, तिथं तिथं यांनीच परत फोन करायचा. आत्ता. आम्हाला ऐकू येईल असा."

अण्णासाहेबांनी रविराजसाहेबांपुढं हात केला. फोन काढा. शेवटी साहेबांनी तिथंच, झुलत्या जास्वंदीखाली उभं राहून, एकेका कंपनीला फोन लावला. प्रत्येकाला सांगावं लागलं की छबूबाईंच्या झाडांत काही खोट नव्हती, झाडांवर कोट आम्ही मारला होता. तिसऱ्या फोनपर्यंत त्यांचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. एका फोनवर पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्यानं हसला की ते सगळ्या शेडला ऐकू गेलं.

दुपारी टेम्पो परतला तेव्हा मागून अण्णासाहेबांची गाडी आली. त्यांनी हात जोडून आत्याची माफी मागितली. रविराजसाहेबांनीही मागितली, जमिनीकडे बघत. आत्यानं आतून छाटणीची कात्री आणली आणि साहेबांच्या हातात दिली. कोट मारलेलं पानन् पान कापायचं, शेंड्याची नवी पानं सोडायची, एवढंच सांगितलं. साहेब गुडघे मोडून बसले. झाडं जगतील का, असं त्यांनी हळूच विचारलं तेव्हा मंतशानं सांगितलं की आधीच्या उन्हाचं थोडं अन्न खोडात शिल्लक असतं, त्यावर बहुतेक जगतील.

अण्णासाहेब जाताना तिघांच्या पाठीवर थाप मारून गेले. वजीरचाचांनी सगळ्यांना थंडगार लस्सी पाजली. गणराज भोंगा कसा वाजला त्याची नक्कल तिसऱ्यांदा करून दाखवत होता. वर्षाली मात्र कुंपणाशी एकटी उभी होती, तोंड अजून फुगलेलं. आत्या तिच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"समदं झालं की मनासारखं," ती म्हणाली. "साहेब बी वाकला. आता कुणावर राग हाय गं तुझा?"

"तुझ्यावर," वर्षाली म्हणाली, आणि इतका वेळ न आलेलं रडू तिला आलं. "ही झाडं तू लावलीस, तू वाढवलीस. तुला सगळं माहीत होतं. तरी तो माणूस एकदा म्हणाला आणि तू लगेच मान्य केलंस. पापडी हातात होती तरी म्हणालीस, माझंच चुकलं असेल. का म्हणालीस?"

रस्त्यावरून एक कंटेनर गेला, धूळ उडाली, खाली बसली. पलीकडे कात्रीचा कच कच आवाज चालू होता.

"व्हय," आत्या शेवटी म्हणाली. "माझ्या झाडांच्या बाजूनं मीच हुबी न्हाई ऱ्हायले. तू ऱ्हायलीस." तिनं आपल्या मातीच्या हातानं वर्षालीचे डोळे पुसले, त्यामुळं ते जास्तच चिखलले. "पुन्यांदा कुनी आसं बोललं, तर त्या ढिगावर आदी मी बसंन."

मग ती वळली आणि कुंड्यांकडे गेली. रविराजसाहेबांनी घाईघाईत एक चकचकीत पान तसंच सोडलं होतं. आत्या त्यांच्या डोक्यावर उभी राहिली आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, ह्ये ऱ्हायलं. नीट बघा. माझी झाडं हायत ती."